डीली प्लाझातल्या तीन फिल्म्स: अभ्यासाला आधी कोणती घ्यावी?

डॅलस शहरातल्या डीली प्लाझा चौकात झालेल्या जॉन केनेडींच्या हत्येचा अभ्यास करायचं मनावर घेतलेले बहुतेक जण झप्रूडरच्या फिल्मपासून सुरुवात करतात. मोबाइलवर दहा वेळा ती बघतात, राष्ट्राध्यक्षांचं डोकं मागे फेकलं जाताना दिसतं आणि गोळी पुढून आली असं तिथल्या तिथे ठरवून मोकळे होतात. मी जुनी ८ मिमीची घरगुती रिळं डिजिटल करून देतो. लग्न, मुंज, महाबळेश्वरची सहल, असलं काहीबाही रोज हाताखालून जातं. त्या सवयीने सांगतो, फिल्म बघणं वेगळं आणि मोजणं वेगळं. काय मोजायचंय ते आधी ठरवा, मग फिल्म निवडा.

वेळ मोजायची असेल तर झप्रूडरच. २२ नोव्हेंबर १९६३ ला एल्म स्ट्रीटच्या कडेला काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभं राहून कपड्यांचे व्यावसायिक एब्राहम झप्रूडर यांनी बेल अँड हॉवेलच्या कॅमेऱ्याने ही फिल्म घेतली. ४८६ फ्रेम्स, साधारण २६ सेकंद. एफबीआयने कॅमेरा चालवून वेग मोजला, तो सरासरी सेकंदाला १८.३ फ्रेम्स निघाला. म्हणजे ही फिल्म एक घड्याळच झाली. हे घड्याळ किती कामाचं आहे ते एका गणितावरून कळेल. मागच्या इमारतीतून गोळ्या झाडल्याचा आरोप असलेल्या ओस्वाल्डच्या रायफलीतून दोन गोळ्या झाडायला मध्ये किमान २.३ सेकंद लागतात, असं चाचणीत दिसलं होतं. २.३ गुणिले १८.३, म्हणजे ४२ फ्रेम्स. रस्त्याच्या फलकाआडून गाडी बाहेर येते तेव्हा, फ्रेम २२५ च्या सुमारास, केनेडी जखमी झालेले दिसतात आणि त्यांच्या पुढ्यातल्या सीटवर बसलेले टेक्सासचे गव्हर्नर कॉनली त्यानंतर लगेचच कळवळतात. मधलं अंतर ४२ फ्रेम्सपेक्षा कमी भरलं, तर एका रायफलीतून सुटलेल्या दोन वेगळ्या गोळ्यांनी हे होणं शक्य नाही. एक तर दोघांना एकच गोळी लागली किंवा बंदुका दोन होत्या. हत्येची सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरेन आयोगाचा ‘एक गोळी’ सिद्धांत आणि त्यावरचा साठ वर्षांचा वाद, दोन्हींचं मूळ या मोजणीत आहे. डोक्याला गोळी लागते ती फ्रेम ३१३.

पण याच फिल्मवरून दिशा ठरवायला जाल तर जपून. ८ मिमीची एक चौकट भिजवलेल्या साबुदाण्याएवढी असते. ती आपण भिंतीएवढी मोठी करून बघतो, तेव्हा चित्राबरोबर हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. फ्रेम ३१२ ते ३१३ मध्ये डोकं सुमारे दोन इंच पुढे सरकतं, असं मोजमाप या हत्येचे अभ्यासक जोसाया थॉम्प्सन यांनी १९६७ मध्ये मांडलं. पुढे त्यांनीच ते मागे घेतलं, कारण ३१३ मध्ये कॅमेरा हललाय आणि कडा फिसकटल्या आहेत. डोकं मागे जाण्याबद्दल नोबेल विजेते पदार्थविज्ञानाचे शास्त्रज्ञ लुई अल्वारेझ यांनी टेप गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडून पाहिल्या. खरबुजं बंदुकीच्या दिशेने उडाली. डोकं म्हणजे खरबूज नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. तरी गोळी लागलेली वस्तू नेहमी पुढेच ढकलली जाते, ही आपली समजूत त्या प्रयोगाने डळमळीत होते.

दुसरी फिल्म ऑर्व्हिल निक्स यांची. ते समोरच्या बाजूला, मेन स्ट्रीटकडे उभे होते. झप्रूडरच्या चित्रात केनेडींची उजवी बाजू येते, निक्सच्या चित्रात डावी बाजू आणि मागे तो बहुचर्चित गवताळ उंचवटा. त्या उंचवट्यावरच्या कुंपणापाशी कोणी होतं का, हा तुमचा प्रश्न असेल तर निक्सची फिल्म घ्यावीच लागेल. पण अपेक्षा बेताची ठेवा. कॅमेरा लांब होता, चित्र काळवंडलेलं आहे आणि पानांच्या सावलीत माणूस दिसायला वेळ लागत नाही. उंचवट्यावर काहींना दिसलेल्या बंदूकधारी आकृतीची, छायाचित्रांचं विश्लेषण करणाऱ्या आयटेक कंपनीने १९६७ मध्ये तपासणी केली आणि ती सावली असल्याचा निष्कर्ष काढला. आणखी मोठी अडचण म्हणजे मूळ रीळच बेपत्ता आहे. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीच्या तपासानंतर ते कुठे गेलं, याचा पत्ता नाही. प्रतीवरून सावलीतला माणूस शोधायचा म्हणजे झेरॉक्सवरून शाईचा रंग ओळखण्यासारखं आहे. झप्रूडरचं मूळ रीळ मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १९९९ मध्ये लवादाने त्याची किंमत १ कोटी ६० लाख डॉलर ठरवली आणि सरकारने ती मोजली.

मेरी मचमोर यांची फिल्म छोटी आहे. ती एकटी घेऊन बसू नका, बाकीच्या दोन ताडून बघायला वापरा.

प्रत निवडताना एक गोष्ट जरूर बघा. झप्रूडरच्या मूळ रिळावर दातेरी छेदांच्या मधल्या पट्टीतही चित्र उमटलंय आणि त्याच दिवशी काढलेल्या तीन प्रतींमध्ये ते आलेलं नाही. ‘लाइफ’ मासिकाकडे असताना मूळ रिळाच्या काही फ्रेम्स खराब झाल्या, २०८ ते २११ त्यातल्याच. त्या फ्रेम्स आज प्रतींमधूनच बघायला मिळतात, म्हणजे नेमक्या तिथे कडेचं चित्र गेलं. आणि वॉरेन आयोगाच्या छापील खंडावरून काम करणार असाल तर ३१४ आणि ३१५ या फ्रेम्स त्यात उलट क्रमाने छापल्या गेल्यात, हे विसरू नका. डोक्याच्या हालचालीसाठी सगळ्यांत महत्त्वाची जागा तीच.

माझ्या मते आधी झप्रूडर, तीही आवाज, संगीत, निवेदन काही नसलेली प्रत आणि शेजारी फ्रेम क्रमांकांचा तक्ता. दोन संध्याकाळी नुसतं मोजत बसा. मग निक्स लावा आणि ३१३ चा क्षण दोन्हींत जुळवा. तो जुळला की निक्सच्या चित्रात गाडीच्या पलीकडे, चौथऱ्यावर शोधा. तिथे दोन छोट्या आकृत्या आहेत. उंचीवर घेरी येईल म्हणून झप्रूडरना त्यांच्या सहकारी मेरिलिन सिट्झमन यांनी मागून धरलंय, आणि ते चित्रण करतायत.