ठिबकवाल्या डीलरचा रिव्ह्यू : ८० टक्के म्हणाला, हातात ६७ आले

पाचपैकी तीन स्टार. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माणूस काही वाईट नाहीये आणि माझा थोडा माल अजून त्याच्याकडे अडकलाय. तालुक्याच्या ठिकाणी ठिबकचं दुकान आहे, मालासोबत अनुदानाची फाईल पण तेच करून देतात. दोन हंगाम वापरून झाल्यावर लिहितोय, बसवल्या बसवल्या लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

आधी चांगलं सांगतो. गडी स्वतः शेतावर आला, टेप लावून दोन एकर मोजलं, विहीर कुठं, शेततळं कुठं, उतार कुणीकडं सगळं बघून वहीत नकाशा काढला. कपाशी ५ फुटी सरीवर घेतो म्हणलं तर त्या हिशोबानं लॅटरल (सरीवर अंथरायच्या ठिबकच्या नळ्या) काढल्या, उगाच जास्त पाईप गळ्यात मारला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कृषी खात्याची पूर्वसंमती येईपर्यंत माल उचलू दिला नाही. पलीकडचा एक दुकानदार मला म्हणत होता की माल आत्ता घेऊन जा, बिल आपण नंतरच्या तारखेचं करू. असल्या नादाला लागू नका, पूर्वसंमतीच्या आधीची खरेदी सापडली की फाईल रद्द आणि पैसे तुमच्या खिशातले.

आता ८० टक्क्यांची गंमत. दुकानाबाहेर मोठा बोर्ड आहे, ठिबकवर ८० टक्के अनुदान. बोर्ड खोटा नाही पण अर्धाच खरा आहे. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' मध्ये अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के, त्यावर आपलं राज्य मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ आणि ३० टक्के पूरक देतं, म्हणून ८० आणि ७५, आणि हे सगळं ५ हेक्टरपर्यंत. इथपर्यंत ठीक. पण ८० टक्के कशाचे हे बोर्डावर नसतं. ते तुमच्या बिलाचे नसतात, सरकारनं लॅटरलच्या अंतरानुसार खर्चाचा जो मापदंड ठरवलाय त्याचे असतात. माझं बिल ९२ हजार, माझ्या क्षेत्राला मापदंड बसला ७७ हजार ७९६, त्याचे ८० टक्के म्हणजे ६२ हजार २३७. बिलाशी ताडून बघा, ६७ टक्क्यांच्या थोडं वर. डीलरला विचारलं तर म्हणतो "अहो दादा, तेवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं." मला नव्हतं माहीत. बायकोला मी १८-१९ हजार घरातून जातील सांगितलं होतं, गेले जवळपास ३०. त्यात आधी पूर्ण ९२ हजार आपण भरायचे, अनुदान मागून खात्यावर येतं, म्हणजे तेवढे दिवस उसनवारीचं व्याज आपल्याच डोक्यावर. एक स्टार इथंच कापला.

किती दिवस? माझं जानेवारी २०२४ मध्ये बसलं, फेब्रुवारीत तपासणीला माणूस आला, मोबाईलवर फिल्टरजवळ उभं करून फोटो काढला, आणि पैसे आले जुलैत. मधल्या काळात डीलरला फोन केला की त्याचं एकच पालुपद, "साहेबांनी अडवलंय." मी पण दोन महिने साहेबांना शिव्या देत बसलो. मग कृषी कार्यालयातल्या एका ओळखीच्या माणसानं चहा पिता पिता समजावलं की राज्य दरवर्षी आपला वार्षिक आराखडा दिल्लीला पाठवतं, केंद्राच्या वाट्याचा पैसा हप्त्याहप्त्यानं येतो (मूळ अनुदानात केंद्र ६० आणि राज्य ४०), आधीचा हप्ता खर्च केल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही, आणि ३१ मार्चला वर्ष संपलं की नवीन वर्षाचा निधी येईपर्यंत तुमची फाईल कितीही चोख असली तरी रांगेत पडून राहते. म्हणजे फेब्रुवारीत तपासणी झालेला माणूस सगळ्यात कचाट्यात सापडतो. डीलर वर्षाला एवढ्या फायली करतो, त्याला हे माहीत नसणार का? जानेवारीत बसवताना एक शब्द बोलला असता तर मी कर्ज तरी बेतानं काढलं असतं.

याच्या उलट युरिया बघा. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला, मशीनवर अंगठा लावला की गोणी गाडीत. त्यावर पण सरकारी अनुदान आहेच, गोणीच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठं, पण ते परस्पर कंपनीला जातं म्हणून आपल्याला कागद नाही, रांग नाही, काही नाही. जास्त खत टाकायचं तर अंगठा पुरतो, पाणी वाचवायचं तर सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, पूर्वसंमती, कोटेशन, बिल, आणि जमीन सामाईक असली तर भावकीची सहमतीपत्रं. माझ्या चुलतभावानं सहीसाठी आठ दिवस फिरवलं ते वेगळंच. हा काही डीलरचा दोष नाही, पण राग निघतो.

फाईलचं काम तसं त्याच्याकडच्या पोरीनं नीट केलं, कागद एकदा पण परत आला नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. पासबुक कुठलंही जोडा, पैसे जातात आधारला जोडलेल्या खात्यावर. मी सोसायटीच्या बँकेचं पासबुक दिलं आणि तिकडंच एण्ट्री मारत बसलो, पैसे पडले होते जुन्या जनधन खात्यात, ज्याचं पुस्तक पण सापडत नव्हतं. फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला आहे ते विचारून या.

मालाबद्दल. लॅटरल चांगल्या आहेत, आयएसआय मार्क आहे, दोन उन्हाळे बांधावर गुंडाळून ठेवल्या तरी चिरल्या नाहीत. फिल्टरमध्ये मात्र फसलो. पाणी शेततळ्यातून घेणार हे नकाशावर त्यानंच लिहिलेलं, तरी नुसता जाळीचा फिल्टर दिला. शेवाळ त्याला ऐकतं होय? जूनमध्ये पाऊस लांबला, ठिबक सुरू केलं आणि चौथ्या दिवशी शेवटच्या सऱ्या कोरड्या. ड्रीपर (नळीवरचं थेंब सोडणारं तोंड) उकलून बघितला तर आत हिरवा चिकट गाळ, नखानं काढावा लागला. ऍसिड सोडून लाईन धुतली, मग पदरचे पैसे घालून वाळूचा फिल्टर बसवला. तळ्याचं पाणी असेल तर कोटेशनमध्ये वाळूचा फिल्टर लिहून घ्या, नंतर त्याला अनुदान नाही, आणि त्याच जमिनीवर परत ठिबकचं अनुदान घ्यायचं तर ७ वर्षं थांबावं लागतं. दुसरा स्टार यात गेला.

डिलिव्हरी पण सांगून ठेवतो. टेम्पो शेतापर्यंत आलाच नाही, फाट्यावर माल टाकून गेला, बंडलं आम्ही बैलगाडीनं आणली. त्याला तरी काय बोलणार, पाणंदच तशी आहे. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आले त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते, उरलेल्या ४० मध्ये गावभरची कामं, आमच्या पाणंदीवर मुरूम पडायचा नंबर काही लागला नाही.

आता नवीन घेणाऱ्यांसाठी. माझ्या वेळी अर्जांची लॉटरी निघायची, २०२५ पासून आधी अर्ज करेल त्याला आधी असं झालंय आणि शेतकरी आयडी पण लागतो, तर तो आधी काढून ठेवा. अर्ज भरायच्या महाडीबीटी पोर्टलची फी २३ रुपये ६० पैसे आहे, वरचे पैसे अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्याचे, किती ते आधीच ठरवून घ्या. या दुकानात गेलात तर डिझाईन त्याच्याकडूनच करून घ्या, त्यात तो पक्का आहे. फक्त कोटेशन हातात आलं की तिथंच विचारा, मापदंड किती बसतो आणि माझ्या खात्यावर रुपये किती येणार. टक्के सांगायला लागला तर परत रुपये विचारा.

आणि माल मोजून घ्या. मला चौदा एण्ड कॅप कमी आलेत, "उद्या पाठवतो" म्हणून दोन हंगाम झाले. सध्या लॅटरलची टोकं दुमडून सुतळीनं बांधलीत.