सावलीवरून इमारती शोधायला क्यूजीआयएस कितपत कामाचं?

राखाडी गच्ची आणि राखाडी रस्ता हवाई छायाचित्रात रंगावरून वेगळे काढणं अवघड. सावली मात्र गडद असते आणि सगळ्या इमारतींची एकाच दिशेला पडते. ती पकडायचं काम क्यूजीआयएस या फुकटच्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये कोड न लिहिता जमतं, पण पूर्ण नाही.

रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (पिक्सेलनिहाय गणिताचं साधन) लाल, हिरव्या, निळ्या बँडची, म्हणजे रंगांच्या थरांची, सरासरी काढून हिस्टोग्रामच्या (कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल, याचा आलेख) पहिल्या दरीपाशी थ्रेशोल्ड धरायचा: त्याखालचं सगळं सावली. हेच गणित क्यूजीआयएससोबतच्या जीडीएएल या लायब्ररीच्या कॅल्क्युलेटरमध्ये करणार असाल तर बँड आधी फ्लोट (दशांश संख्या) करून घ्या. ८ बिटांत आकडा २५५ च्या पुढे जात नाही, म्हणून ९०+९०+९० चे २७० न होता १४ होतात आणि अख्खा रस्ता सावलीत जमा होतो. थ्रेशोल्ड आपोआप ठरवणारी ओत्सू पद्धत मेनूत नाही, ही खरी उणीव. मोझेकची (जोडून केलेल्या चित्राची) काळी किनार नोडेटा, म्हणजे 'माहिती नाही' अशी, केली नाही तर तीही सावली ठरते.

पुढचा भाग झकास. बारीक ठिपके गाळणाऱ्या सिव्ह साधनाचा डिफॉल्ट १० पिक्सेलचा. ३० सेंमी पिक्सेलला ते एक चौरस मीटरही भरत नाही, म्हणून गाड्यांच्या सावल्या तशाच राहतात. १०० ठेवा. मग पॉलिगोनाइझ करून सावल्यांचे पॉलिगॉन (बंद आकृत्या) बनवायचे, आणि ट्रान्सलेट या साधनाने ते सूर्याच्या बाजूला सरकवायचे: पूर्वेकडे अंतर गुणिले दिगंशाचा (उत्तरेपासून मोजलेल्या सूर्याच्या दिशेचा) साइन, उत्तरेकडे अंतर गुणिले कोसाइन. लेअर अक्षांश-रेखांशात असेल तर ५ म्हणजे ५ अंश, पॉलिगॉन दुसऱ्या राज्यात जाऊन पडतो! आधी मीटरच्या प्रोजेक्शनमध्ये आणा. सरकवलेला पॉलिगॉन इमारत कुठे आहे एवढंच सांगतो. तिची बाह्यरेषा म्हणून तो वापरू नका.

उंचीसाठी सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाचा (क्षितिजापासूनच्या कोनाचा) टॅन. ३० अंशांवर एका पिक्सेलची चूक १७ सेंमीची, ६० अंशांवर ५२ सेंमीची. त्यामुळे भर दुपारची छायाचित्रं उंचीला नकोत. सपाट जमीन मात्र गृहीत आहे. सावली उतारावर किंवा शेजारच्या भिंतीवर पडली की आकडा बिघडतो.

तळी आणि ताजं डांबरही सावलीच्या रांगेत येतात. झाडांच्या सावल्यांचं तर विचारूच नका. जवळच्या अवरक्त बँडवरून झाडं ओळखून त्यांच्यालगतच्या सावल्या गाळता येतात, पाण्याला जलस्रोतांचा वेगळा लेअर बरा. नुसत्या तीन रंगांच्या चित्रावर हाताने गाळणी करायची तयारी असेल तरच या वाटेला जा. दाट वस्तीत सावल्या एकमेकींत मिसळतात, तिथे क्यूजीआयएसच काय, ही पद्धतच तोकडी पडते.