चित्रांतून विज्ञान आणि कोडिंग शिकवणारी पुस्तकं : सात-आठ महिने वापरून झाल्यावर

ही पुस्तकं नवी कोरी असताना सगळीच छान वाटतात. जाड कागद, भडक रंग, पानापानावर हसरा रोबो. म्हणून घेतल्या घेतल्या काही लिहिलं नव्हतं. आता घरातल्या चार पुस्तकांना सात-आठ महिने झालेत, दोन्ही मुलांचे हात त्यांना भरपूर लागलेत (थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा) आणि कुठलं पुस्तक आपणहून उघडलं जातं, कुठलं कपाटातच पडून राहतं, हेही कळलंय. एक सूर्यमालेचं, एक घरच्या घरी करायच्या प्रयोगांचं, एक कॉम्प्युटरशिवाय कोडिंगचं आणि एक स्क्रॅचचं (स्क्रॅच म्हणजे स्क्रीनवर रंगीत ब्लॉक जोडून कोडिंग करायची मुलांसाठीची भाषा). नावं देत नाही, कारण याच साच्यातली पुस्तकं ढिगाने मिळतात आणि खोड्या साधारण त्याच असतात.

या पुस्तकांतला मजकूर मुलं फारसा वाचत नाहीत. चित्र बघतात, बाण कुठून कुठे गेलाय ते बघतात, आणि पान उलटतात. म्हणजे शिकवतं ते चित्र. चित्र चुकलं असेल तर तीच चूक डोक्यात बसते, मग शेजारी बारीक अक्षरात कितीही बरोबर लिहिलेलं असो.

सूर्यमालेचं पुस्तक हे याचं ठळक उदाहरण. त्यात पृथ्वीची कक्षा तिरकी, लांबट अंड्यासारखी काढली आहे. तिरकं बघितलं की वर्तुळ तसंच दिसतं, चित्रकाराचं काही चुकलेलं नाही. पण थोरलीने त्यावरून सरळ निष्कर्ष काढला : पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. ऋतू होतात ते आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे, आणि हे त्याच पानावर खाली लिहिलेलंही आहे. वाचतंय कोण! शेवटी टॉर्च आणि चेंडू घेऊन बसावं लागलं.

चंद्राचंही तसंच. पानावर पृथ्वी साधारण चार सेंटिमीटरची आणि चंद्र तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर. खरं अंतर सरासरी 3,84,400 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या जवळजवळ तीसपट. त्या पृथ्वीच्या मानाने चंद्र 1.2 मीटरवर हवा. एवढं मोठं पान कुठून आणणार, हे मान्य. पण 'हे चित्र मापात नाही' एवढी ओळ ठसठशीत छापायला काय जात होतं? आम्ही टेप घेऊन जमिनीवर ते अंतर मोजलं आणि टोकाला सेंटिमीटरभर व्यासाचा मणी ठेवला. धाकट्याला ते इतकं आवडलं की नंतर 'आता सूर्य मांडू' सुरू झालं. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या 109 पट, म्हणजे चार सेंटिमीटरच्या पृथ्वीला साडेचार मीटरच्या आसपासचा सूर्य. ते घरात जमणारं नव्हतं.

प्रयोगांच्या पुस्तकाबद्दल माझं मत सगळ्यांत मिश्र आहे. साहित्य घरात मिळतं, पायऱ्यांची चित्रं स्पष्ट आहेत, कात्री आणि आग असेल तिथे मोठ्यांना बोलवायची खूण आहे. घोळ आहे तो 'असं का झालं?' या चौकटीत. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास, हा प्रयोग बहुतेकांनी केलेला असेल. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. पुस्तक म्हणतं, ज्योतीने ऑक्सिजन खाल्ला, त्याची जागा पाण्याने घेतली. चित्रात तर ज्योत जळत असतानाच पाणी चढताना दाखवलंय.

आम्ही केलं तेव्हा थोरली ग्लासाला नाक लावून बसली होती. म्हणाली, "बाबा, जळत होती तेव्हा पाणी हललंच नाही. विझल्यावर एकदम चढलं." बरोबर पाहिलं होतं तिने. ऑक्सिजन वापरला जातो, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफही तयार होते. पाणी चढण्याचं मोठं कारण म्हणजे गरम होऊन पसरलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होते आणि आकसते. ताडून बघायला सोपं आहे : त्याच ग्लासाखाली एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पण हवा जास्त तापते, आणि पाणी जास्त वर येतं. आलंही. त्या पानावर थोरलीने पेन्सिलने फुली मारून ठेवली आहे. पुस्तक म्हणून ही चूक मोठीच, तरी त्या चुकीमुळे झालेली संध्याकाळ मला पुस्तकातल्या बाकी प्रयोगांपेक्षा जास्त कामाची वाटली. अर्थात मोठं माणूस शेजारी बसणार नसेल तर चूक तशीच राहणार. मुलांच्या हाती देऊन आपण बाजूला व्हावं असं हे पुस्तक नाही.

आता कोडिंग. इथे मला उलट वाटलं होतं : स्क्रॅचचं पुस्तक जास्त वापरलं जाईल आणि कॉम्प्युटरशिवायचं मागे पडेल. झालं विरुद्धच. कॉम्प्युटरशिवायचं पुस्तक या चौघांत सरस निघालं, आणि धाकट्याचं तर ते लाडकं आहे.

कारण त्यात चित्रांना खरोखर काम दिलंय. चौकटींच्या जाळीवर एक रोबो, खाली बाणांची रांग, आणि प्रश्न : हा कुठे पोचेल? उत्तर मागच्या पानावर, त्यामुळे आधी अंदाज बांधावाच लागतो. पुढे मुद्दाम बिघडवलेल्या रांगा आहेत, कुठला बाण चुकला ते शोधायचं. कोड लिहिण्याइतकाच वेळ ते दुरुस्त करण्यात जातो, ही गोष्ट मुलांच्या पुस्तकांत फार कमी वेळा दिसते.

बायनरीची, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून आकडे लिहिण्याच्या पद्धतीची, पानं तर झकास. पाच कार्डं, त्यांवर 16, 8, 4, 2 आणि 1 ठिपके. काही उलटी, काही सुलटी ठेवून, सुलट्या कार्डांवरचे ठिपके मोजून आकडा करायचा. ही पद्धत मूळ न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाच्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड' उपक्रमातून जगभर पसरली. धाकटा 31 पर्यंत पोचला आणि अडला. सगळी कार्डं सुलटी, आता 32 कसे करणार? थोडा वेळ गप्प. मग स्वतःच कागद कापला आणि त्यावर ठिपके काढत बसला. बत्तीस ठिपके काढायला सहा वर्षांच्या मुलाला बराच वेळ लागतो, तेही सांगून ठेवतो.

स्क्रॅचच्या पुस्तकाची अडचण वेगळी. मांडणी चांगली आहे, चित्रं नेमकी आहेत, पण ती जुन्या स्क्रॅचची आहेत. जानेवारी 2019 मध्ये स्क्रॅच 3 आलं आणि स्क्रीन बदलली. पुस्तकात स्टेज, म्हणजे स्क्रॅचचं मांजर जिथे हलतं ती चौकट, डावीकडे, आपल्या स्क्रीनवर उजवीकडे. पुस्तकात रेघा काढणाऱ्या पेनचे ब्लॉक इतर ब्लॉकच्या यादीतच, आता ते खाली डाव्या कोपऱ्यातल्या एक्स्टेन्शनच्या बटणातून घ्यावे लागतात. मोठ्यांना यात काही वाटत नाही. मूल मात्र चित्राशी ताडून बघतं, ते जुळलं नाही की 'माझं काहीतरी चुकलं' म्हणून उठतं. मी नव्या जागा लिहिलेल्या चिठ्ठ्या पानापानांवर चिकटवल्या, तेव्हा गाडी पुढे सरकली. घेण्याआधी आतलं एक पान पाहा : मांजराचा स्टेज डावीकडे असेल तर पुस्तक जुन्या आवृत्तीवर बेतलेलं आहे. पायथन या कोडिंगच्या भाषेच्या पुस्तकाला अशीच सोपी परीक्षा आहे, प्रिंट (स्क्रीनवर मजकूर दाखवायची आज्ञा) या शब्दानंतर कंस नसेल तर ते पायथन 2 चं, आणि त्याचा अधिकृत सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला.

एवढं असूनही या पुस्तकातलं एक पान मी कधीच विसरणार नाही. काम होतं पेनने त्रिकोण काढायचं. थोरलीने 'तीनदा करा, 100 पावलं पुढे, 60 अंश वळा' असं लावलं. त्रिकोणाचे कोन साठचे हे तिला माहीत होतं. स्क्रीनवर उमटला अर्धा षटकोन. पुस्तकाने इथे उत्तर दिलेलं नाही, फक्त चालणाऱ्या मुलीचं चित्र आणि 'तू स्वतः चालून बघ' एवढंच. तिने जमिनीवर खडूने त्रिकोण आखला आणि त्यावरून चालली. कोपऱ्यावर वळताना आपण साठ नाही, 120 अंश वळतो, हे अंगानेच कळलं. 1967 मध्ये आलेल्या 'लोगो' या मुलांसाठीच्या कोडिंग भाषेत आज्ञेप्रमाणे चालून रेघा काढणारं एक कासव होतं, आणि त्यामागे लोगोच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या सीमोर पॅपर्ट यांचा विचार हाच होता, की मुलाने कासवाच्या जागी स्वतःला ठेवून बघावं. नंतर षटकोन, पंचकोन सगळं तिने एकटीनेच केलं.

बाकी किरकोळ. स्पायरल बांधणीचं पुस्तक कीबोर्डशेजारी सपाट उघडं राहतं, चिकट बांधणीचं सारखं मिटतं आणि दोन-चार महिन्यांत पानं सोडतं. उचकटून बघायच्या झडपा धाकट्याच्या हाती पहिल्याच महिन्यात गेल्या. एका पुस्तकातला क्यूआर कोड आता रिकाम्या पानावर नेतो. वयाच्या शिक्क्यावर विसंबू नका : 'आठ वर्षांपुढे' लिहिलेली बायनरीची कार्डं सहा वर्षांच्याने आरामात हाताळली, आणि त्याच वयोगटाच्या सूर्यमालेच्या पुस्तकाला नऊ वर्षांचीलाही मदत लागली.

सूर्यमालेचं पुस्तक आता मी कुणाला तरी देऊन टाकणार आहे, सोबत टेप आणि टॉर्च वापरायची सूचना लिहून. स्क्रॅचचं ठेवतोय, चिठ्ठ्यांसकट. प्रयोगांचं मुलं देऊ देत नाहीत. आणि कॉम्प्युटरशिवायच्या कोडिंगचा दुसरा भाग निघालाय, तो मागवलाय.