लिनक्स मिंट सिनॅमन, दुकानातल्या जुन्या मशीनवर: इफेक्ट्सचा घोळ आणि नंतरचे महिने

घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो. सहाव्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर, 8 जीबी रॅम, एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, अशा मशीनवर लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमचं सिनॅमन (तिचा डेस्कटॉप) सगळ्या ॲनिमेशनसकट आरामात चालतं. चालत नसेल, विंडो ओढताना मागे फराटे उमटत असतील, पंखा सारखा घोंगावत असेल, तर लगेच इफेक्ट (विंडोंची ॲनिमेशनं) बंद करत सुटू नका. पडद्यावरचं चित्र ग्राफिक्स चिप काढतेय की प्रोसेसर, हे आधी बघा. आमच्या दुकानात हा प्रश्न बराच काळ कोणी विचारलाच नाही, आणि तोवर बिचाऱ्या इफेक्ट्सच्या नावाने खडे फोडले गेले.

दुकान मालवणच्या बाजारात. झेरॉक्स, प्रिंटआउट, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, हंगामात आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं. काउंटरवर दोन मॉनिटर आहेत. एकाचं तोंड आमच्याकडे, दुसऱ्याचं ग्राहकाकडे, म्हणजे फॉर्ममधलं नाव आणि जन्मतारीख त्याने स्वतः वाचून हो म्हणावं. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे आमची मशीन दारातच अडली. लोकांची आधार कार्डं आणि पासबुकं जिथे रोज उघडतात तिथे अपडेट नसलेली सिस्टीम ठेवणं मला पटेना, आणि धडधाकट मशीन भंगारात घालणं त्याहून पटेना. मिंटच्या 22 मालिकेला 2029 पर्यंत अपडेट आहेत. दिवाळीच्या पर्यटकांची गर्दी ओसरल्यावर एका तंत्रज्ञाकडून ते बसवून घेतलं.

पहिल्याच लॉगिनला एक सूचना आली: सिनॅमन सॉफ्टवेअर रेंडरिंगमध्ये चालू आहे, प्रोसेसर नेहमीपेक्षा जास्त वापरला जाईल. तंत्रज्ञाने ती बंद केली. विंडो सरकवली की मागून तुकड्यातुकड्याने येत होती. मेनू उघडायला वेळ घेत होता, आणि काही न करता नुसता माउस फिरवला तरी सिस्टीम मॉनिटरमध्ये प्रोसेसरचा आलेख वर चढत होता. ग्राहकाकडचा मॉनिटर तर सिस्टीमला दिसतच नव्हता. त्यावर ‘पोर्ट गेला असणार’ असं उत्तर मिळालं. बाकीच्याचं उत्तर फोनवर मिळालं: “मशीन जुनी आसा. सगळे इफेक्ट बंद करून टाका.”

सेटिंग्जमधल्या ‘इफेक्ट्स’मध्ये जाऊन सगळं बंद केलं. थोडा फरक पडला, नाही असं नाही. पण त्यातून एक वेगळीच अडचण उभी राहिली. काउंटरवर वहिनी बसते. तिच्याकडून विंडो मिनिमाइझ झाली की ती पडद्यावरून फट्‌कन नाहीशी व्हायची, आणि आतून हाक यायची: “भावजी, फॉर्म खंय गेलो ओ?” फॉर्म खालच्या पट्टीतच असायचा. इफेक्ट चालू असताना विंडो आकसत खाली जाताना डोळ्यांना दिसते, म्हणून ती कुठे गेली हे सांगावं लागत नाही. इफेक्ट म्हणजे नुसती सजावट, असं लिनक्सवाली मंडळी मोठ्या तोऱ्यात सांगतात. संगणकावर वाढलेल्यांना ते ठीक असेल. पन्नाशीला आलेल्या माणसाला काउंटर सांभाळायचा असतो तेव्हा पाव सेकंदाचं ते ॲनिमेशन उपयोगाचं असतं.

आता मुद्द्याकडे. मिंटमध्ये ‘इनक्सी’ नावाचं साधन आधीपासून असतं. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून आयएनएक्सआय ही अक्षरं लहान लिपीत, मग स्पेस, मग डॅश आणि त्याला चिकटून मोठ्या लिपीतलं जी, एवढं टाइप करायचं. जे उत्तर येतं त्यात ‘रेंडरर’ असं लिहिलेली जागा शोधायची. तिथे आमच्याकडे ‘एलएलव्हीएमपाइप’ असं होतं. तुमच्याकडे हा शब्द दिसला तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा, तुमचं दुखणं इथेच आहे. मेसा नावाचं जे ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर लिनक्समध्ये असतं, त्यातला हा भाग ग्राफिक्स चिपचं काम प्रोसेसरकडून करून घेतो. तो नसता तर डेस्कटॉप उभाच राहिला नसता, त्यामुळे त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. पण तो चालू आहे याचा अर्थ खरी चिप झोपलेली आहे.

इफेक्ट बंद करूनही मशीन रडत का होती, तेही इथेच कळतं. सिनॅमनचा विंडो मॅनेजर मफिन. तो प्रत्येक विंडोचं चित्र वेगळं घेतो आणि ओपनजीएल (ग्राफिक्स चिपकडून काम करून घ्यायची पद्धत) वापरून ती एकावर एक रचून पडद्यावर टाकतो. यालाच कंपोझिटिंग म्हणतात. इफेक्ट्सची बटणं बंद केली की ॲनिमेशन थांबतं, रचणं थांबत नाही, आणि सिनॅमनमध्ये ते बंद करायची सोयही नाही. एक्सएफसीई किंवा माटे या डेस्कटॉपमध्ये कंपोझिटिंगची खूण काढून टाकता येते. त्यामुळे ‘इफेक्ट बंद करा’ हा सल्ला तिथे थोडाफार लागू पडतो, इथे नाही.

चिप का झोपली? तर मशीन सुरू होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ‘नोमोडसेट’ हा शब्द दिला जात होता. मिंटच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवर ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असा एक पर्याय असतो. नेहमीच्या पद्धतीने सुरू केल्यावर पडदा काळा पडला तर तो वापरायचा, आणि त्यात हा शब्द असतो. त्याचा परिणाम असा की इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर आपलं काम हाती घेतच नाही, सिस्टीम एका साध्या पडद्यावर भागवते. दुसरा मॉनिटर दिसत नव्हता तोही यामुळेच. पोर्टला काहीही झालेलं नव्हतं. इन्स्टॉल होईपर्यंत हा शब्द ठीक, पण नंतर तो काढायला हवा होता. तो ग्रबच्या (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये तसाच राहिला होता.

काढण्याआधी तात्पुरतं करून बघता येतं, आणि तसंच करा. मशीन सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आणायचा, पहिल्या ओळीवर उभं राहून ई दाबायचं. जो मजकूर उघडतो त्यात ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधायची आणि तिच्या शेवटाकडचा नोमोडसेट खोडून एफ10 दाबायचं. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. पडदा काळा झाला तर पुन्हा चालू करा, सगळं पूर्वीसारखं. आमच्याकडे डेस्कटॉप नीट आला, आणि ग्राहकाकडचा मॉनिटरही उजळला. मग ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘डिफॉल्ट’मध्ये असलेली ‘ग्रब’ नावाची फाइल सुडोने (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) उघडून तिथला शब्द काढला आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवलं. ही दुसरी पायरी विसरू नका, नुसती फाइल बदलून काही होत नाही. त्याआधी टाइमशिफ्टने (सिस्टीम पूर्ववत करायच्या साधनाने) एक स्नॅपशॉट घेऊन ठेवलेला बरा.

रेंडररच्या जागी आता ‘मेसा इंटेल एचडी ग्राफिक्स 530’ येतं. कुठलाही ड्रायव्हर डाउनलोड केला नाही, सीडी शोधली नाही. इंटेलचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच असतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गोष्ट वेगळी: मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन ‘रेकमेंडेड’ लिहिलेला घ्यायचा. सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाचं सुरक्षेचं सेटिंग) चालू असेल तर तो पासवर्ड ठरवायला लावतो आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर तोच विचारतो. ती पायरी घाईत चुकली की ड्रायव्हर बसूनही लागू होत नाही.

इफेक्ट सगळे परत चालू केले. फक्त वेगाची पट्टी जलदकडे सरकवली. पंखा शांत झाला. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी ‘अबाउट’, अपूर्णविराम, ‘सपोर्ट’ टाकलं की जे पान येतं त्यात कंपोझिटिंगसमोर आधी ‘वेबरेंडर सॉफ्टवेअर’ होतं, आता नुसतं ‘वेबरेंडर’ आहे. सरकारी पोर्टलं मात्र होती तेवढीच मंद आहेत, त्यावर कुठलीही चिप चालत नाही.

दोन मॉनिटर मिळाले तसा दुसरा प्रश्न आला. ग्राहकाच्या पडद्यावर व्हिडिओ लावला की मधोमध आडवी चीर दिसायची, वरचं चित्र पुढे आणि खालचं मागे. आमचा मॉनिटर 75 हर्ट्झवर होता (सेकंदाला 75 वेळा चित्र ताजं करायचा), ग्राहकाचा 60 वर. एक्स11 वर (पडद्यावर विंडो दाखवायची लिनक्सची जुनी यंत्रणा) दोन वेगळ्या रिफ्रेश रेटना एकाच वेळी सांभाळणं हे जुनं दुखणं आहे. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन्ही 60 वर आणले, चीर गेली. फॉर्म भरायला 75 हर्ट्झ कशाला हवेत?

वहिनीला अक्षरं मोठी हवी होती म्हणून मी स्केलिंग (पडद्यावरच्या सगळ्याचा आकार) 125 टक्के करून पाहिलं. मशीन पुन्हा जडावली. एक्स11 वर हे अधलंमधलं स्केलिंग करताना सिस्टीम आधी दुप्पट आकाराचं चित्र तयार करते, मग ते लहान करते, आणि एवढा भार या चिपला झेपत नाही. त्याऐवजी फॉन्टच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट स्केलिंग’ वाढवलं. अक्षरं मोठी, बाकी सगळं जागच्या जागी, वेगात काडीचा फरक नाही. जुन्या मशीनवर हाच मार्ग धरा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचावं. फेब्रुवारीत ग्राहकाचा पडदा थरथरायला लागला, मधेच गुलाबी व्हायचा. ‘इंटेल, लिनक्स, फ्लिकर’ असं शोधलं की पॅनेल सेल्फ रिफ्रेश बंद करा, कर्नलला अमुक शब्द द्या, असे उपाय ढिगाने मिळतात. ते खोटे नाहीत, लॅपटॉपच्या पडद्यांना लागूही पडतात. पण त्याआधी एक साधी कसोटी आहे. पडदा बिघडलेला असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो चांगल्या मॉनिटरवर बघा. स्क्रीनशॉटमध्येही बिघाड दिसला तर सॉफ्टवेअरमध्ये शोधा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर चित्र बरोबर बनतंय, पडद्यापर्यंत पोचताना बिघडतंय. (व्हिडिओतली चीर मात्र या कसोटीत सापडत नाही, तीही पडद्यावर टाकताना पडते.) मग बायोसमध्ये जाऊन बघा. तिथेही थरथर असेल तर लिनक्स सुटलं, कारण ते अजून सुरूच झालेलं नसतं.

आमच्याकडे बायोसही गुलाबी होता. व्हीजीएची केबल काढली तर पिनांवर हिरवट थर. खारी हवा इथे घरावरचे पत्रे आणि पंख्याचे स्क्रूसुद्धा सोडत नाही, तिथे बारीक पिनांची काय कथा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, कोरडं करून केबल पुन्हा लावली, महिनाभर छान चाललं, मग पुन्हा तेच. शेवटी केबल बदलली. पावसाळ्यापूर्वी मॉनिटर, प्रिंटर, राउटर सगळ्यांच्या जोडण्या एकदा काढून बघणं हे आता दुकानाच्या कामात धरलं आहे.

लाईट गेल्यावर सीपीयू यूपीएसवर राहतो, ग्राहकाचा मॉनिटर बंद पडतो. परत आला की कधी खालची पट्टी गोठते, कधी वॉलपेपर अर्धाच येतो. रीस्टार्टची गरज नाही: कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकत्र दाबले की फक्त सिनॅमन नव्याने सुरू होतं, उघडे फॉर्म जसेच्या तसे राहतात. हे वहिनीला एका कागदावर लिहून दिलंय आणि ती ते न विचारता करते.

मे महिन्यात मुंबईहून पुतण्या आला आणि त्याने एक्स्टेन्शनमधून (सिनॅमनला वरून जोडायच्या भागातून) हलत्या विंडो बसवल्या, ओढल्या की जेलीसारख्या डुलणाऱ्या. 2006 च्या आसपास कॉम्पिझ या विंडो मॅनेजरने लोकांना वेड लावलं होतं ते हेच. चिपला जड गेलं नाही, ग्राहकांची पोरं खूश झाली. पण सिनॅमनची एक्स्टेन्शनं सिनॅमनच्याच पोटात चालतात, एक बिघडलं की सगळा डेस्कटॉप अडखळतो. एका अपडेटनंतर लॉगिनला ‘सिनॅमन क्रॅश झालं, फॉलबॅक मोड चालू आहे’ असा संदेश आला तेव्हा पुतण्या परळला होता आणि मी काउंटरवर. ते एक्स्टेन्शन काढलं, क्रॅश थांबला. घरच्या मशीनवर हवे तेवढे खेळ करा. जिथे लोक रांगेत उभे असतात तिथे सिनॅमनबरोबर आलेले इफेक्ट पुरेत.

वेलँड (एक्स11 ऐवजी वापरायची नवी यंत्रणा) सत्रही पाहिलं, लॉगिनच्या पडद्यावर ते निवडता येतं आणि त्यावर प्रायोगिक असं लिहिलेलंही आहे. दोन मॉनिटरवरची हालचाल तिथे जास्त गुळगुळीत वाटली. पण मी पाहिलं तेव्हा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर जाता येईना, आणि लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते चालत नाही. तूर्त एक्स11. पुढची आवृत्ती आली की आधी पेनड्राइव्हवरून चालवून मराठी टाइप होतंय का ते बघेन, मगच एसएसडीला हात लावेन.