परभणीतलं मामांचं सलून : कटिंग ८० रुपये, सिनेमाचा वाद फुकट

वसमत रोडला लागून एका गल्लीत दोन खुर्च्यांचं सलून आहे. पाटीवरचा रंग उन्हानं उडालाय, त्यामुळं सगळे त्याला मामांचं दुकानच म्हणतात. मी एसटीत वाहक आहे. मुक्कामाच्या गाडीवर असलो की ज्या गावी उतरेन तिथं दाढी उरकून घेतो, पण कटिंगला परभणीतच येतो. मामांचा हात चांगला आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे सिनेमा कुणी काढला आणि कसा काढला, यावर इतकं जीव तोडून भांडणारी माणसं मला दुसऱ्या कुठल्या गावात भेटली नाहीत.

आधी कामाचं सांगतो. कटिंग ८०, दाढी ५०, दोन्ही मिळून १२०. मामा मशीन फक्त मानेवर फिरवतात, बाकी सगळं कात्री-कंगव्यावर. ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत नवं काढतात, कागदातच मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवतात. दाढी झाली की तुरटीचा ओला खडा, आणि शेवटी मान-खांदे दाबून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुसऱ्या खुर्चीवर त्यांचा पुतण्या असतो. पोरांच्या कटिंगा तो झकास करतो, पण हात जरा घाईचा. वयस्कर माणसानं मामांच्याच खुर्चीसाठी थांबावं.

आता वादाचं. महेश कोठारे भारी की सचिन पिळगावकर, हा इथला कायमचा विषय. मामा कोठारेंचे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधले भैय्या सचिनचे. मामांनी एक नियम घालून दिलाय: नटाचं नाव घेऊन दिग्दर्शक मोठा करायचा नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोन्हीकडं आहेत, तेव्हा ते वजा करा आणि मग बोला. प्रसंग सांगा, त्यात दिग्दर्शकानं काय केलं ते सांगा. एवढ्या एका नियमामुळं इथल्या गप्पांना धार आहे.

भैय्या एकदा म्हणाले, "मामा, तुमच्या कोठारेंचा 'धूमधडाका' मद्रासहून आलाय, आधी ते कबूल करा."

"अन् तुमची बनवाबनवी कुठून आली? हृषीदांच्या घरून!"

दोघांचंही खरं आहे. १९८५ च्या 'धूमधडाका'चं मूळ तमिळ दिग्दर्शक श्रीधर यांचा १९६४ चा 'कादलिक्क नेरमिल्लै', त्यांनीच तो हिंदीत 'प्यार किये जा' म्हणून केला. १९८८ ची 'अशी ही बनवाबनवी' आली हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून. हे दोन्ही हिंदी सिनेमे १९६६ चे! हे निघाल्यावर 'उचललाय' हा मुद्दा दुकानातून कायमचा बाद झाला. मग उरलं ते खरं बोलणं: उचललेलं मराठी कुणी जास्त करून दाखवलं?

भैय्यांचं म्हणणं मला पटतं. बनवाबनवीत एक घर, चार पोरं, त्यांतल्या दोघांच्या अंगावर साड्या. कोणतं खोटं कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही, याचा हिशेब सिनेमाभर वाढतच जातो, तरी बघणारा कुठंच गोंधळत नाही. माझी आई शाळेत गेलेली नाही. तिलाही तो सिनेमा मध्येच लावून दिला तर कोण कुणाला फसवायलंय ते लगेच कळतं. संवाद वसंत सबनीसांचे, ते श्रेय त्यांचंच, पण एवढी गर्दी पडद्यावर स्वच्छ ठेवणं हे दिग्दर्शकाचं काम. मामांचं उत्तर तयार असतं: "सचिनजींनी घर सांभाळलं, कोठारेंनी नवीन घर बांधलं." मराठीत सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा, आणला कोठारेंच्या 'धडाकेबाज'नं, १९९० साली. 'झपाटलेला'त तर रामदास पाध्यांच्या बाहुल्याला घेऊन त्यांनी लेकरं हसवली आणि त्याच लेकरांना रात्री अंथरुणात घाबरवलं. हसू आणि भीती एकाच रिळात बसवणं सोपं नाही, हे मामा कात्री हवेत धरून सांगतात.

हो, कात्री हवेत. बोलताना मामा कधी कापत नाहीत आणि वस्तरा गळ्यावर असताना तोंड उघडत नाहीत. हे भैय्यांना पक्कं माहीत आहे. मामांनी गिऱ्हाइकाची हनुवटी वर केली, की भैय्या बाकड्यावरून सुरू होतात आणि सचिनच्या बाजूचे दोन-तीन मुद्दे एका दमात मांडून घेतात. मामांच्या कपाळावर आठ्या दिसतात, हात मात्र हलत नाही. गळ्याखालचा शेवटचा फटकारा संपला, वस्तरा पुसला, की पहिला शब्द, "आता ऐका भैय्या." अशा वेळी मी आरशात बघत असतो. या माणसाच्या हाताखाली मान द्यायला मला कधी भीती वाटली नाही.

आणखी मंडळी आहेत. एक आबा आहेत, दादा कोंडक्यांशिवाय दुसरं नाव ते ऐकूनच घेत नाहीत. 'सोंगाड्या' गोविंद कुलकर्णींनी दिग्दर्शित केलाय असं कुणी म्हणालं की ते 'पांडू हवालदार' काढतात, तो दादांचा स्वतःचा. एका सरांचं दुखणं वेगळं: "आपल्या मराठवाड्याचा माणूस कुणी धरीना." ते चंद्रकांत कुलकर्णींबद्दल बोलतात. संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागातून, 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून पुढं आलेले. मामा त्यांचे मार्क नाटकाला देतात, सिनेमाला हात आखडतात. मला हे मान्य नाही. १९९९ चा 'बिनधास्त' पाहा, मुख्य भूमिका सगळ्या बायकांच्या आणि गोष्ट खुनाची. त्या काळात हे करायला छाती लागते.

कृषी विद्यापीठातली पोरं आली की नागराज मंजुळे. इथं मी त्या पोरांच्या बाजूचा. 'फँड्री'त डुकरामागं धावणारं घरदार शाळेतलं राष्ट्रगीत कानावर पडताच जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर तेवढं मोकळं. कुणी काही बोलत नाही, कुणी रडत नाही. जेवढं सांगायचं तेवढं माणसं उभी करून सांगितलं. मामांच्या नियमात बसवायला याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही, आणि यावर खुद्द मामांनी कोठारेंच्या बाजूनं कधी उत्तर दिलेलं नाही.

एक उणीव मात्र मनापासून सांगायची आहे. धाकट्याच्या कटिंगला माझी मुलगी सोबत आली होती. बारावीला आहे. बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तुमच्या यादीत बाई एकही नाही. सुमित्रा भावे कुठं आहेत?" ज्या २०१६ साली 'सैराट' गाजला, त्याच सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं ते भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला. दुकानात एकानंही तो पाहिलेला नव्हता. मामा म्हणाले, "न बघता आपण बोलत नसतो बेटा, बघून सांगतो." त्यांनी बघितला. पुढच्या वेळी मला म्हणाले, "वाहकसाहेब, लेकीला सांगा, तो सिनेमा माणसाला बरं व्हायला वेळ देतो." पण बाकड्यावरची मंडळी अजून कोठारे-सचिनवरच अडकलीत. या बाकड्यावर लेकी-बाळींना बसता यावं, असं मला वाटतं.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. कूलरचं वारं फक्त पहिल्या खुर्चीला लागतं. टीव्ही लहान, जाहिराती फार. ऑनलाइन पैसे चालतात. सोमवारी बंद. शनिवारी आणि अमावस्येला लोक केस कापायचं टाळतात, तेव्हा जा, नंबर लगेच लागतो आणि मामा निवांत बोलतात. रविवारी सकाळी वाद रंगतो, पण तास-दीड तास बसायची तयारी ठेवा. भैय्या साडेदहाला मेडिकल उघडतात, त्याआधी पोचा.

आणि मामा, रविवारपुरती तरी तिसरी खुर्ची टाका.