फायबरचे ठिपके की काळी पट्टी? एअर पिस्तुलाच्या साइटविषयी

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाचा वेळ वाचेल. दहा मीटरवर कागदी टार्गेट मारणार असाल तर साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, लाल-हिरव्या चमकत्या फायबरची घ्यायला एक रुपयाही जास्त मोजू नका. पुढे साधी काळी पट्टी आणि मागे चौकोनी खाच, एवढंच घ्या. बाकीचे पैसे छर्‍यांवर घाला.

मी चाकणच्या टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीला जातो, तिथं शेजारच्या लेनवरची मुलं माझ्या नातीच्या वयाची असतात. त्यांच्या हातात स्टायर, मोरिनी अशी महागडी परदेशी पिस्तुलं. माझ्याकडचं देशी, सुरुवातीच्या वर्गातलं. घेतलं ते चापासाठी. चाप खरंच गुळगुळीत आहे. त्यावर फायबरची साइट आहे हे दिसतच होतं, आणि ती बदलायची हेही दुकानातच ठरलं होतं. कॅम्पातला विक्रेता मात्र तिच्यावर फिदा. "काका, संध्याकाळीसुद्धा लख्ख दिसते बघा!" म्हटलं, अरे, संध्याकाळी रेंजवर दिवे असतात.

या साइटला नावं ठेवायची नाहीत, ती वेगळ्या कामाची आहे एवढंच. अमेरिकेत पिस्तुलानं शिकार करणारे लोक आहेत. ते .४४ मॅग्नमसारखी दणकट रिव्हॉल्व्हरं वापरतात. झाडीत, तिन्हीसांजेला, काळपट अंगाच्या डुकरावर काळी पट्टी धरली तर ती दिसेनाशी होते. तिथं चमकता ठिपका हवाच. मागची खाचही ऐसपैस लागते, कारण जनावर उभं राहून वाट बघत नाही. शिवाय हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण वीस सेंटिमीटर रुंद, त्यात गोळी बसली की काम झालं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आणि आपल्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटरचं. वीस सेंटिमीटरचं हत्यार घेऊन साडेअकरा मिलिमीटर शोधायला जायचं कशाला?

फायबरची खरी खोड वेगळी आहे. ठिपका फुलतो. खिडकी डावीकडे असेल तर डावी कड जास्त उजळते, आणि डोळा ठिपक्याचा मध्य भलतीकडेच धरतो. शिवाय नेम ठिपक्याच्या मध्यानं धरायचा की पट्टीच्या वरच्या कडेनं, हे दर शॉटला ठरवत बसावं लागतं, आणि दोन्हींचे छर्रे वेगवेगळ्या उंचीवर पडतात. काळ्या पट्टीला कड एकच. वर सपाट, दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट, विषय संपला.

आता मापं, कारण माझा जीव त्यातच रमतो. माझ्या पिस्तुलावर दोन साइटमधलं अंतर २६० मिलिमीटर आहे. पुढची पट्टी खाचेत ०.२ मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ ८ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक अख्खी रिंग. हात हलल्यानं एवढं नुकसान होत नाही. नेम टार्गेटवर थोडा डुलला तरी चालतो, पट्टी खाचेत डुलायला नको. आमचे प्रशिक्षक हे रोज ओरडून सांगतात. मला ते आकडेमोड केल्यावर पटलं.

पट्टीची रुंदीही हिशेबानंच ठरवली. हात ताणला की पट्टी डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर येते. म्हणजे ३ मिलिमीटरची पट्टी टार्गेटवर ३३ मिलिमीटरएवढी दिसते, ४ ची ४४ आणि ४.५ ची ५०. टार्गेटवरचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा. मूळची पट्टी तीनची होती, गोलाखाली ती काडीसारखी दिसायची आणि गोलाचा मध्य सापडत नसे. भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मी ३.५, ४ आणि ४.५ अशा तीन पट्ट्या करून घेतल्या. तिन्हींचे मिळून सहाशे रुपये. त्या पोरानं व्हर्निअर लावून दिल्या, मी घरी पुन्हा मोजल्या, तिन्ही बरोबर. पट्टीची डोळ्याकडची बाजू मात्र वरून खाली किंचित आत झुकवून घ्या, नाहीतर वरच्या ट्यूबलाइटचा उजेड पट्टीवर पडतो आणि कड मारली जाते. माझ्या डोळ्याला चार बसली. तुम्हाला साडेचार बसेल कदाचित.

पट्टी रुंद केली की खाच अरुंद पडते, हे दुकानदार सांगत नाहीत. माझी खाच ३.२ ची होती. खाच डोळ्याला जवळ आणि पट्टी लांब, म्हणून चारची पट्टीही तिच्यात मावलेली दिसते. चारची पट्टी लावल्यावर दोन्ही बाजूंना सुतासारखा उजेड उरला, पन्नाशीनंतरच्या डोळ्याला तो दिसायचाच नाही. बारीक कानशीनं ती ३.८ केली. आता फट स्पष्ट दिसते. तरुणांनी एवढी उघडू नये.

चकाकी मारायला देवघरातला कापूर पेटवून पट्टीवर काजळी धरतो. मार्करची शाई चमकते, काजळी चमकत नाही. फक्त नंतर बोट लावायचं नाही, आणि हे पिस्तुलावर नाही, पट्टी काढून करायचं. बायकोची तक्रार आहे, पण ती कापराच्या खर्चाबद्दल.

या पिस्तुलाचा खरा दोष मागच्या साइटच्या स्क्रूत आहे. त्याला ढील आहे. डावीकडे चार क्लिक फिरवून परत चार उजवीकडे आणलं तर नेम मूळ जागी येत नाही. उपाय असा: जिथं आणायचंय त्याच्या दोन क्लिक पुढे जायचं आणि नेहमी एकाच दिशेनं परत यायचं. या किमतीत चालवून घेतो, महाग पिस्तुलात घेतलं नसतं.

चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांसाठी एक. वाचनाच्या भिंगानं टार्गेट धुक्यात जातं, लांबच्या भिंगानं पट्टी. लांबच्या नंबरात +०.५० किंवा +०.७५ मिळवलं की पट्टी धारदार दिसते आणि गोल थोडा मऊ, तसाच तो दिसायला हवा. फक्त चष्म्याच्या दुकानात पिस्तूल घेऊन जाऊ नका. मी ९० सेंटिमीटरची काठी नेली होती, टोकाला चार मिलिमीटरची काळी चिकटपट्टी. चष्मेवाल्यानं आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्यानं भिंगं बदलत बसला.