बडोद्यातून अर्ज करताना: आयोवा, रॅडक्लिफ की स्टॅनफर्ड?

विद्यापीठाच्या लेखन-रेसिडेन्सीचा, म्हणजे काही काळ तिथे राहून लिहिण्याच्या संधीचा, विषय निघाला की आधी पैसे विचारले जातात, मग देश, मग मुदत. मराठीत लिहिणाऱ्याने क्रम बदलावा. पहिला प्रश्न भाषेचा: तिथे जाऊन मराठीतच लिहीत राहिलं तर चालेल का? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचं उत्तर आहे, हो, तुमच्या भाषेत लिहा. हार्वर्डच्या रॅडक्लिफ इन्स्टिट्यूटमध्ये प्रकल्पाला महत्त्व असतं, पण अर्ज इंग्रजीतच वाचला जातो. स्टॅनफर्डच्या स्टेग्नर फेलोशिपला लेखन इंग्रजीत हवं. एवढं कळलं तरी बडोद्यात मराठी कथा-कविता लिहिणाऱ्या बहुतेकांचा निम्मा निर्णय होऊन जातो.

आमचं मत आधीच सांगतो. एक-दोन पुस्तकं झालेली आहेत, नोकरी आहे आणि लेखन मराठीत आहे, अशांनी आयोवाचा विचार सगळ्यात आधी करावा. ज्यांच्या कादंबरीला अभिलेखागार आणि संशोधन लागतं आणि ज्यांच्या लेखनाची चांगली भाषांतरं तयार आहेत, त्यांनी रॅडक्लिफ बघावं. स्टेग्नर फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी. केवळ नाव मोठं म्हणून मराठी लेखकाने तिथे भाषांतर पाठवू नये.

आयोवा: माणसांत राहून लिहिणं

आयोवा विद्यापीठाचा इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम पॉल एंगल आणि हुआलिंग निए यांनी १९६७ साली सुरू केला. शरद ऋतूतली ही रेसिडेन्सी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते. देशोदेशींचे लेखक एकाच वेळी तिथे राहतात. बडोद्याशी या कार्यक्रमाचं जुनं नातं आहे. १९३८ साली बडोद्यात जन्मलेले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तिथे फेलो होते.

इथे अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. आपलं लेखन करायचं, आणि त्याबरोबर अभिवाचनं, शहराच्या सार्वजनिक वाचनालयातल्या चर्चा आणि विद्यार्थ्यांपुढची व्याख्यानं असतात. विद्यापीठात साहित्यिक भाषांतराचा स्वतंत्र अभ्यासक्रम असल्यामुळे तुमच्या कवितेवर भाषांतराचे विद्यार्थी तुमच्याबरोबर बसून काम करतात. मराठी लेखकासाठी हा फायदा मानधनाहून मोठा आहे, कारण परतताना हातात इंग्रजी मजकूर असतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला तो उपयोगी पडतो. उलट बाजूही लक्षात घ्या. सलग एकांत इथे मिळत नाही. कादंबरीचा दुसरा खर्डा पूर्ण करायला शांतता हवी असेल, तर आठवड्यातले कार्यक्रम आड येतात. नव्या कथा, कविता किंवा कादंबरीची सुरुवात यांसाठी मात्र जागा उत्तम.

अर्जाची रीत बाकी दोन्हींपेक्षा वेगळी आहे. वर्षानुवर्षं बहुतेक लेखकांची नावं त्या त्या देशातल्या अमेरिकी दूतावासांकडून सुचवली जात आणि खर्च अमेरिकी परराष्ट्र खातं करत असे. गुजरात मुंबईच्या वकिलातीच्या कक्षेत येतं. २०२५च्या सुरुवातीला परराष्ट्र खात्याने या कार्यक्रमाचं अनुदान थांबवलं. तेव्हापासून पैसा कुठून येणार हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारावा लागतो. म्हणून अर्ज भरण्याआधी मुंबईच्या वकिलातीतल्या सांस्कृतिक विभागाला आणि थेट आयोवाला दोन ओळींचं पत्र लिहा: यंदा भारतातून नाव कोण सुचवणार, शेवटची तारीख कोणती, विमानभाडं आणि राहण्याचा खर्च कोण करणार. ही उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय भाषांतरकाराला मोठं काम देऊ नका. नामांकनाचं काम आदल्या हिवाळ्यात चालतं, त्यामुळे हे पत्र नवरात्र-दिवाळीच्या दिवसांतच गेलं पाहिजे.

प्रकाशित लेखन आणि चर्चेत भाग घेता येईल इतकं इंग्रजी, या दोन अपेक्षा ठाम असतात. इंग्रजीत लिहिता येण्याची अट नाही. बोलताना अडखळलात तरी चालतं, पण प्रश्न समजून उत्तर देता आलं पाहिजे.

रॅडक्लिफ: प्रकल्प घेऊन जाणं

रॅडक्लिफची फेलोशिप सप्टेंबर ते मे, म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्षाची असते. गणितज्ञ, जीवशास्त्रज्ञ, इतिहासकार, चित्रकार आणि लेखक असे सुमारे पन्नास फेलो एकत्र असतात. तुम्हाला बसायला खोली मिळते, हार्वर्डची ग्रंथालयं खुली होतात आणि मदतीला पदवीचे विद्यार्थी मिळू शकतात. बदल्यात एकदा आपल्या कामावर व्याख्यान द्यायचं आणि इतरांच्या व्याख्यानांना हजर राहायचं. वर्षभर तिथेच राहणं अपेक्षित असतं.

लेखकांसाठी प्रकाशनाची अट स्पष्ट आहे. कथा-कादंबरी आणि ललित गद्यासाठी एक प्रकाशित पुस्तक, किंवा पुस्तकाचा करार, किंवा किमान तीन छोट्या प्रकाशित रचना. कवितेसाठी संग्रह, किंवा गेल्या पाच वर्षांत निदान वीस कविता छापून आलेल्या. दिवाळी अंकातल्या कथा यात धरता येतात, मात्र अंकाचं नाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक इंग्रजीत व्यवस्थित लिहावे लागतात. 'अनेक दिवाळी अंकांतून लेखन प्रसिद्ध' असं लिहिलेलं कुणी मोजत नाही.

अर्जाची मुदत आदल्या सप्टेंबरात संपते, म्हणजे जाण्याच्या पूर्ण एक वर्ष आधी. इथे अर्ज फसतो तो बहुधा प्रकल्पाच्या टिपणात. 'माझी नवी कादंबरी बडोद्याच्या मराठी समाजावर आहे' एवढ्याने समितीतल्या भौतिकशास्त्रज्ञाला काहीच कळत नाही. संस्थानी काळात कारकून, शिक्षक, वैद्य म्हणून आलेली मराठी घरं, १९४९मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा आणि १९६०मध्ये गुजरात राज्य झालं तेव्हा त्यांच्या घरातली आणि शाळेतली भाषा कशी बदलली, कादंबरी कुठल्या वर्षी उघडते, किती प्रकरणं लिहून झाली, नऊ महिन्यांत किती होतील आणि हार्वर्डच्या ग्रंथालयातलं नेमकं काय वापरायचं आहे, हे दीड-दोन पानांत आलं पाहिजे. ग्रंथालयाचं कारण ओढूनताणून देऊ नका. विषयाची सगळी कागदपत्रं बडोद्याच्या अभिलेखागारात आणि मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातच असतील, तर त्या कादंबरीसाठी रॅडक्लिफ चुकीची जागा आहे आणि समितीच्याही ते ध्यानात येतं.

स्टॅनफर्ड: थोडक्यात

स्टेग्नर फेलोशिप दोन वर्षांची. दरवर्षी पाच कथाकार आणि पाच कवी घेतात. पदवी लागत नाही आणि मिळतही नाही. आठवड्याला एक कार्यशाळा असते, तीत एकमेकांचं लेखन वाचून बोलायचं. कथेसाठी नऊ हजार शब्दांपर्यंत लेखनाचा नमुना, कवितेसाठी दहा ते पंधरा पानं, अर्जाला शुल्क, मुदत डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दहा जागांसाठी हजाराहून जास्त अर्ज येतात. कार्यशाळेत सगळे एकमेकांचा मूळ मजकूर ओळ न् ओळ तपासतात, म्हणून भाषांतर घेऊन बसणं तिथे निरर्थक ठरतं. तुम्ही इंग्रजीतच लिहीत असाल आणि दोन वर्षं नोकरी-घर सोडू शकत असाल, तर अर्ज जरूर करा.

नमुना: सगळं यावर ठरतं

आयोवा असो वा रॅडक्लिफ, निवड करणारा तुमची मराठी वाचणार नाही. त्याच्यापुढे इंग्रजीची दहा-वीस पानं असतील आणि त्यातलं पहिलं पान तो नक्की वाचेल. म्हणून गाजलेली कथा निवडू नका. भाषांतरात जी उभी राहते ती निवडा. बोलीच्या लकबीवर उभी असलेली कथा मराठीत कितीही चांगली असली तरी नमुन्यात पडते. प्रसंगावर, वस्तूंवर, माणसांच्या वागण्यावर उभी असलेली टिकते.

शब्दसंख्येचा हिशेब आधी करा. मराठीचं इंग्रजी होताना शब्द साधारण सव्वा ते दीडपट होतात, कारण आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि इंग्रजीत ते सुटे होतात. पंधरा पानांचा, म्हणजे सुमारे साडेचार हजार शब्दांचा नमुना हवा असेल, तर मूळ मजकूर तीन ते साडेतीन हजार शब्दांचा पुरतो. शेवटच्या आठवड्यात नमुना लांब झाल्याचं कळलं की लोक शेवट कापतात आणि कथा अधांतरी राहते.

बडोद्याच्या लेखनात एक अडचण हमखास येते. आजी मराठीत बोलते, भाजीवाली गुजरातीत, सून दोन्हींत. इंग्रजीत तिघींचं बोलणं एकसारखं होतं आणि कथेतला ताणच निघून जातो. यावर तळटीपा नकोत. भाजीवालीचे दोन-तीन गुजराती शब्द रोमन लिपीत तसेच ठेवा, बोलणाऱ्याने भाषा बदलली हे त्याच वाक्यात सांगा आणि नमुन्याच्या आरंभी दोन ओळींत शहर आणि भाषा यांची ओळख द्या. काकू, मावशी, आत्या, वहिनी या नात्यांचंही तेच. सगळ्यांना एकच इंग्रजी शब्द लावला तर चौथ्या पानावर कोण कोणाची हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं.

यंत्राकडून केलेलं भाषांतर पाठवू नका. मराठीत कर्ता वारंवार गाळला जातो, आणि 'येईल', 'सांगेल' अशा क्रियापदांत लिंग दिसत नाही. यंत्र तिथे अंदाजाने पुरुष घालतं आणि विधवा नायिका मध्येच पुरुष होते. स्वतः भाषांतर केलं असेल तर तसं नमूद करा, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याने केलं असेल तर त्याचं नाव नमुन्यावर हवं, लेखी परवानगी हवी आणि मोबदला आधी ठरलेला हवा. कवितेसोबत मूळ मराठीही जोडा. जुनं लेखन श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर ते युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफ परक्या संगणकावर उघडून पाहा. एरवी तिकडे कवितेऐवजी चिन्हांची रांगोळी दिसते.

पूर्ण नमुना मराठी आणि गुजराती दोन्ही न येणाऱ्या एकाला वाचायला द्या. गुजराती मित्र चालत नाही. ओटा, सोवळं, पोळ हे त्याला न सांगता कळतं, त्यामुळे तो कुठेच अडत नाही. सयाजीराव विद्यापीठात केरळचे, ईशान्येकडचे विद्यार्थी असतात. त्यातला एखादा जिथे थांबेल तिथे खूण करून घ्या. भाषांतर, दुरुस्ती आणि हे वाचन यांना मिळून तीन महिने धरा.

रजा, पैसा, व्हिसा

आयोवाचा काळ म्हणजे बडोद्यात गणपती आणि नवरात्र. घरच्यांशी आधीच बोललेलं बरं. प्राध्यापकांसाठी तो पहिल्या सत्राचा ऐन काळ असतो. सरकारी, विद्यापीठातल्या आणि अनुदानित शाळांमधल्या नोकरदारांना ना-हरकत प्रमाणपत्र आणि परदेशी जाण्याची मंजूर रजा लागते. ही फाइल निवड झाल्यावर हलवायला घेतली तर वेळ पुरत नाही. अर्ज करतानाच खात्याला लेखी कळवा. रॅडक्लिफसाठी नऊ-दहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळेल का आणि तेवढ्या काळात गृहकर्जाचे हप्ते कसे जातील, हे अर्जाआधी कागदावर मांडा.

व्हिसा बहुधा जे-१, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीचा. विद्यापीठाकडून डीएस-२०१९ हा फॉर्म येतो, मग सेव्हिस या अमेरिकी नोंदणी-यंत्रणेचं २२० डॉलर शुल्क (सरकारी अनुदानाच्या काही कार्यक्रमांना ते माफ असतं), व्हिसाचं १८५ डॉलर, आणि मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. २०२५पासून या व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. फेलोशिपच्या रकमेतून १४ टक्क्यांपर्यंत अमेरिकी कर आधीच कापला जाऊ शकतो, तेव्हा खर्चाचा अंदाज पूर्ण रकमेवर बांधू नका. अमेरिकी सरकारच्या पैशावर गेलात तर परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तिथला कामाचा किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. पर्यटक म्हणून जाता येतं. परत येण्याची अट या शहराला नवी नाही: १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियाला गेले, तेव्हाही परतून दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता.

वय तिशीच्या आत असेल आणि परदेशाची घाई नसेल, तर नॅशनल बुक ट्रस्टच्या पीएम-युवा योजनेकडे लक्ष ठेवा. ती रेसिडेन्सी नाही आणि विषय ठरवून दिलेले असतात, पण सहा महिने दरमहा ५० हजार रुपये मिळतात आणि अर्ज मराठीतल्या लेखनावर करता येतो. भाषांतराचा सगळा खटाटोप तिथे वाचतो. २०२१, २०२२ आणि २०२५मध्ये तिच्या फेऱ्या झाल्या.

कुठेही अर्ज करा, नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच लिहा. टोपणनावाने पुस्तकं असतील तर परिचयात दोन्ही नावं द्या आणि शिफारस करणाऱ्यांनाही तसं सांगा. पासपोर्टवर सगळं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं असेल, तर अमेरिकी व्हिसावर तुमच्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापून येतं आणि पुढे बँक खात्यापासून विद्यापीठाच्या ओळखपत्रापर्यंत तेच चिकटतं. ते दुरुस्त करायला नवा पासपोर्ट काढावा लागतो, म्हणून हे काम नमुन्याच्याही आधी करा.